जुलैमधल्या उघड्या खिडक्या

सायलीचं बीपी पुन्हा नॉर्मल आलं आणि मी पट्टा काढून पुन्हा एकदा लावला.

एरवी नॉर्मल रीडिंग बघून आम्हाला हायसं वाटतं. पण समोर पलंगावर ही मुलगी दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती. तिला मळमळत होतं, आणि बोलताना वाक्याच्या मध्येच ती हरवत होती. बीपी वाढलेलं असतं तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं. पेशंट बरी दिसत नाही आणि तपासणीत काहीच सापडत नाही, यासारखा ताप आमच्या कामात दुसरा नाही.

मी ऑकलंडमध्ये मिडवाइफ आहे. आपल्याकडे सुईण म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं, म्हणून सांगते. इथे साध्या, सरळ बाळंतपणाची सगळी जबाबदारी मिडवाइफची असते. दिवस राहिल्यापासून तपासण्या, मग डिलिव्हरी, आणि नंतर चार-सहा आठवडे घरी जाऊन आई-बाळाला बघणं. काही बिनसलं की डॉक्टर. पुण्यात मी बरीच वर्षं स्टाफ नर्स होते. इथे येऊन पुन्हा कॉलेजात बसले, माझ्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर परीक्षा दिल्या, तेव्हा कुठे हे लायसन्स मिळालं.

सायली आणि निखिल शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीला राहतात. दोघंही आयटीतले, घर नवंकोरं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपला रिवाज, पण इथून माहेर गाठायचं तर दोन विमानं बदलावी लागतात. म्हणून माहेरच बार्शीहून इकडे आलं होतं, म्हणजे सायलीची आई. मी त्यांना काकू म्हणायचे आणि त्या मला सिस्टर. दोन बॅगा भरून डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा असं सगळं घेऊन त्या उतरल्या होत्या. एअरपोर्टवर अर्धं सामान कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं. ते दुःख त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं, आणि ओवा कसा वाचला तेही.

पहिल्या भेटीतच मी काही गोष्टी सांगून ठेवल्या. डोक्याला रुमाल बांधा, कानात कापूस घाला, लाडू खा, माझी काही हरकत नाही. बाळाला मध चाटवायचा नाही, गुटी द्यायची नाही. मग विचारलं, "आणि काकू, बाळाला धुरी वगैरे देत नाही ना?"

"छे छे, सिस्टर! मुळीच नाही."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. ते लक्षात ठेवा.

तर डोकेदुखी. बाळंतपणानंतर डोकं दुखायला लागलं की आम्हाला दोन गोष्टींची भीती वाटते. एक, प्री-एक्लॅम्प्सिया. हा गरोदरपणातला बीपीचा आजार, पण बाळंत झाल्यावरही उपटू शकतो आणि झटके येऊन जिवावर बेततं. दुसरी भीती एपिड्युरलची. कळा सोसाव्या लागू नयेत म्हणून पाठीत सुई देतात, ती चुकून थोडी आत गेली तर नंतर डोकं भयंकर दुखतं. पण ते दुखणं ओळखता येतं. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की थांबतं.

सायलीचं नेमकं उलटं होतं.

"पडून राहिले की वाढतं, ताई," ती म्हणाली. "सकाळी आंघोळीनंतर झोपते ना, तेव्हा तर डोकं फुटतं. मग तुम्ही येता, जरा बसते, आणि बरं वाटायला लागतं. तुमचा पायगुण."

कुणाला आवडणार नाही असं ऐकायला? मी पण हसले. बाळाला उचललं. मुलगी होती, छान गोलमटोल, पण झोपाळू. दूध ओढता ओढता डुलकी लागायची. वजन जरा उतरलं होतं. पहिल्या आठवड्यात उतरतंच, पण मला ते आवडलं नाही. कावीळ तपासली, तीही नाही. खोलीत गारठा होता, खिडकी उघडी होती, आणि कुठल्यातरी रूम फ्रेशनरचा व्हॅनिलाचा वास येत होता. मी सायलीला शाल दिली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

त्या दिवशी तिला बाळासकट असेसमेंटला पाठवलं. मीही गेले. तिथला रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ स्पेशालिस्ट, तरुण आणि मन लावून काम करणारा मुलगा होता. रक्त, लघवी, बीपी, डोळे, सगळं बघितलं. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघितला, तोही उत्तम. आणि गंमत म्हणजे तिथे पोचेपर्यंत सायलीचं डोकं दुखायचं थांबलं होतं. वेटिंग रूममध्ये तिने सँडविच खाल्लं. बाळाने टक्क जागं राहून दूध प्यायलं.

"मला काहीच सापडत नाही," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "पहिलं बाळ आहे, झोप नाही, घरापासून लांब. घरी जाऊ दे, विश्रांती घेऊ दे."

"पुन्हा दुखलं तर?"

"तर पुन्हा आण. हॅपी टु सी हर."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. सायली घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलचा फोन. डोकं पुन्हा दुखतंय, या वेळी उलटीही झाली.

माझ्या प्रॅक्टिसमध्ये जोआन नावाची सीनियर मिडवाइफ आहे. तिच्या हातून जन्मलेल्या मुलींची बाळंतपणंही आता तीच करते. तिला सगळं सांगितलं.

"हॉस्पिटलमध्ये बरी, घरी आजारी," जोआन म्हणाली. "मग घरात काय चाललंय ते बघ. नवरा कसा आहे?"

"नवरा चांगला आहे गं. नॅपी बदलतो, भांडी घासतो."

"आई?"

"आई तर जीव टाकते तिच्यावर."

"मग डिप्रेशनचा विचार केलायस का? तुमच्या बायका ते बोलून दाखवत नाहीत, डोकं दुखतंय म्हणतात. तूच मला शिकवलंयस."

ते खरं होतं. मीच शिकवलं होतं. त्या दुपारी मी पुन्हा अल्बनीला गेले, काकूंना चहाला पिटाळलं आणि सायलीशी एकटीने बोलले. रडू येतं का, बाळाकडे बघून काय वाटतं, नको नको ते विचार येतात का. ती म्हणाली, "ताई, मी खूश आहे हो. फक्त डोकं दुखतं." माझा तिच्यावर विश्वास बसला. बाळ पुन्हा झोपाळलेलं. चहा देताना काकू सहज म्हणाल्या, "माझंही डोकं जड झालंय, सिस्टर. विमानाचं अजून उतरलं नसेल." त्या येऊन तीन आठवडे होऊन गेले होते. विमानाचा शीण एवढा टिकत नाही हे मला कळत होतं, पण साठीच्या बाईची जागरणं चालली होती. मी मान हलवली आणि पॅरासिटामॉल घ्या म्हटलं. घरी आले ती जीव टांगणीला लागलेल्या अवस्थेतच. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं, काहीच झालं नाही, तोच प्रॉब्लेम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पहिली व्हिजिट अल्बनीपासून जवळच एका किवी कुटुंबाकडे होती. तिथली आजी शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी सपाता घालून घरभर फिरत होती, जुलैच्या थंडीत. जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा. मी बाळाचं वजन करत असताना तिने सरळ खिडकी ढकलून उघडली. "बिट ऑफ फ्रेश एअर," ती म्हणाली, "लेकरांना चांगलं असतं."

मी मनात म्हटलं, ही एक आजी आणि आमच्या काकू एक. काकू दिसल्या असत्या तर किंचाळल्या असत्या. बाळंतिणीला वारा लागला तर जन्मभराचं दुखणं, हीट पंपची, म्हणजे खोली गरम करणाऱ्या एसीची झुळूकही नको म्हणून तो त्यांनी बंद ठेवायला लावलेला...

वजनाचा काटा तसाच हातात राहिला. मग त्यांच्या घरात खिडक्या उघड्या कशा?

दर वेळी उघड्या होत्या. मी गेले की खोली गार, खिडकी उघडी, व्हॅनिलाचा वास. कानात कापूस घालणारी, उन्हातसुद्धा लेकीला मोजे घालणारी बाई जुलै महिन्यात बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडते? कशासाठी? काहीतरी वास घालवायला. आणि कुणासाठी? माझ्यासाठी. निघताना आम्ही पेशंटला मेसेज टाकतो, 'ऑन माय वे', म्हणजे त्यांची धांदल होत नाही. ही आमची शिस्त. मी दर वेळी मेसेज टाकला होता, आणि दर वेळी त्यांना आवरायला पुरेसा वेळ दिला होता.

काय लपवतायत ते मला कळलं नव्हतं. वाटलं, कसला तरी काढा उकळत असतील. गावाकडून आणलेलं काहीतरी भलतंच पोटात देत असतील. त्या आजीचा निरोप घेतला, गाडीत बसले आणि पहिल्यांदाच मेसेज न टाकता अल्बनीला निघाले. रस्त्यात नेमकं रोडवर्क. केशरी कोनांच्या रांगेत उभी राहून मी त्या स्टॉप-गो पाटीवाल्या माणसाला मनातल्या मनात अस्सल पुणेरी शिव्या दिल्या.

दार निखिलने उघडलं. गळ्यात हेडसेट होता, वरच्या खोलीत बसून तो ऑफिसची मीटिंग करत होता.

"ताई? मेसेज नाही आला तुमचा."

"नाही केला."

तो दारातून हलेना. त्याच्या मागून वास आला. ओवा आणि बाळंतशेपा, भाजलेला. तो वास माझ्या नाकाने माझ्या आधी ओळखला. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आमचं सगळं घर याच वासाने भरलेलं असायचं.

"निखिल, आत शेगडी आहे?"

"म्हणजे... आई म्हणाल्या बाळंतिणीला शेक द्यायचाच असतो. पण ताई, धूर अजिबात नाही! मी कोळसे बाहेर डेकवर पेटवतो, पूर्ण लाल झाले, धूर थांबला की मगच आत आणतो. बाळाला धुरी तर आम्ही..."

बाकीचं मी ऐकलं नाही. खोलीचं दार लावलेलं होतं आणि खालच्या फटीत आतून टॉवेल सरकवलेला होता. ढकलून उघडलं. आत ऊबच ऊब. पलंगाखाली लोखंडी कढईत निखारे, वर ओव्याची राख. पलंगावर सायली, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर नुसतं हूं. काकू खुर्चीत भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. मला बघून धडपडत उठायला गेल्या आणि परत खाली बसल्या. पाळणा पलंगाला लागूनच होता.

मी आधी बाळाला उचललं. लेकरू हाताला ढिलं लागलं.

इतक्या वर्षांत मी खूप काही बघितलंय, पण ती भीती मला अजून आठवते. बाळ निखिलच्या हातात दिलं आणि ओरडले, "बाहेर! डेकवर! तळपाय चोळ, रडव तिला!" खिडक्या सताड उघडल्या. सायलीला गोधडीसकट पलंगावरून खाली घेतलं आणि ओढत नेलं. काकू भिंत धरत धरत माझ्यामागून आल्या. बाहेर बोचरी हवा होती. मी एकशे अकराला, म्हणजे इथल्या इमर्जन्सीला फोन लावला. नाव, पत्ता, तीन पेशंट, एक नवजात, कार्बन मोनॉक्साइड. बोलता बोलताच बाळ हातात परत घेतलं. श्वास चालू होता. पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. तिने तोंड वाकडं केलं. मग आधी कुरकुर, आणि मग एकदाचा तिने असा काही टाहो फोडला की शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला. निखिल ढसाढसा रडायला लागला. मीही रडले, पण फोनवरच्या बाईला पत्ता सांगत.

आता त्या वायूबद्दल दोन शब्द. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतच जातो. धूर थांबला म्हणजे तो थांबला असं नाही. निखिल मोठा इंजिनियर, त्याने धुराचा बंदोबस्त केला आणि नेमका जो दिसत नाही तो पाहुणा मानाने आत आणून बसवला. बोटाला लावायच्या चिमट्याला हा फरक कळत नाही, तो आपला सगळं उत्तम आहे म्हणून सांगतो. शिवाय हॉस्पिटलपर्यंतच्या मोकळ्या हवेत सायलीला बरं वाटायला लागायचं. माझा पायगुण म्हणजे माझ्या मेसेजनंतर उघडलेली खिडकी.

बार्शीच्या घरात हीच शेगडी पिढ्यान्पिढ्या पेटली, आणि तिथे भागून गेलं, कारण त्या घरांना फटी होत्या. वर कौलं, दाराला उंबऱ्याखाली बोटभर जागा. अल्बनीच्या या घराला दुहेरी काचा, रबराची सीलं. मुंगीलासुद्धा आत यायला व्हिसा लागेल.

अँब्युलन्सबरोबर फायरवाले आले. त्यातला एक उंच सामोअन माणूस मीटर घेऊन आत गेला आणि ते जे किंचाळायला लागलं ते आम्हाला बाहेर ऐकू आलं. तो कढई घेऊन बाहेर आला. दुसऱ्या हातात फुलाफुलांची शॉवर कॅप होती. ओव्याच्या धुराने स्मोक अलार्म वाजायचा म्हणून निखिलने त्याला ती घातली होती.

"मेट," तो निखिलला हळूच म्हणाला, "बार्बेक्यू बाहेर करायचा असतो."

हॉस्पिटलमध्ये तोच रजिस्ट्रार होता. या वेळी धमनीतलं रक्त तपासलं आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड स्पष्ट दिसला. तिघींना ऑक्सिजन लावला. एवढ्याशा बाळाला एवढासा मास्क. रजिस्ट्रार रिपोर्टकडे बघत राहिला. "आपण तिला सगळं विचारलं," तो म्हणाला, "घर गरम कसं ठेवता ते नाही विचारलं." मीही विचारलं नव्हतं, आणि मला तर मराठी येत होतं.

संध्याकाळपर्यंत आकडे उतरले. सायली उठून बसली, बाळ भुकेलं. पुढे त्यांनी बाळाला दोन-तीन दिवस ठेवून घेतलं, मेंदूच्या तपासण्या केल्या. त्या दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. सगळं ठीक निघालं.

काकू मात्र ऑक्सिजनचा मास्क खाली ओढून ओढून एकच विचारत होत्या.

"सिस्टर, मी माझ्या लेकीला मारायला आले होते का हो इथे?"

मला त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू. गाडीत बोलायची वाक्यंसुद्धा तयार केली होती. पण समोर ही बाई बसली होती, जिला या देशात ना भाषा येते, ना बस कळते, ना लेकीच्या किचनमधली ती काचेची शेगडी पेटवता येते. आणून आणून एक गोष्ट तिने सोबत आणली होती, जी तिच्या आईने तिच्यासाठी केली. माझा मुलगा इथेच झाला. तेव्हा माझ्या पलंगाखाली शेगडी ठेवायला कुणी नव्हतं. असतं तर मी नको म्हटलं असतं? मला नाही वाटत.

"काकू," मी म्हटलं, "मास्क वर करा आधी."

त्यांनी केला. मग मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

"मला का नाही सांगितलंत हो?"

मास्कच्या आतून त्या म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणाला असता."

खरं होतं. म्हणालेच असते.

बारसं जरा उशिरा झालं. सायलीच्या कमरेला शेक चालू होता, पण मायक्रोवेव्हमध्ये तापवायच्या गव्हाच्या पिशवीचा. इथे घरोघरी असते ती. काकूंनी दुकानातली आणलेली पिशवी उसवली, गव्हात मूठभर ओवा आणि बाळंतशेपा मिसळला आणि पुन्हा शिवली. घरात तोच वास दरवळत होता. छतावर स्मोक अलार्मशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा नवा अलार्म होता, दोघंही बिनटोपीचे. बाळाचं नाव अन्वी ठेवलं. ती आता मराठीत सांगितलेलं सगळं ऐकते आणि उत्तर 'नो' असं देते.

'ऑन माय वे' मी अजूनही पाठवते, शिस्त आहे. फक्त कधीकधी त्यांच्या गल्लीत पोचल्यावर पाठवते. आणि आपल्या लोकांच्या घरी पहिल्या भेटीत 'शेगडी वगैरे नाही ना' असं मी आता विचारत नाही. त्याला सगळ्या आज्या 'छे छे' म्हणतात. मी पर्स खाली ठेवते, बाळंतिणीच्या डोक्याचा रुमाल सारखा करते आणि विचारते, "काकू, शेगडी कुठे ठेवलीय?"

निम्म्या जणी लगेच जागा दाखवतात.